'मोबाइल घेऊन ठाण्यात या' असा निरोप आला तर

प्रश्न : मी ५४ वर्षांचा आहे, तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान चालवतो. कालव्याच्या आवर्तनाच्या प्रश्नावर आम्हा शेतकऱ्यांचा ३८० जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मी ॲडमिन. गेल्या आठवड्यात एका सदस्यानं लोकप्रतिनिधींचा काटछाट केलेला व्हिडिओ टाकला. मी तो तीन तासांनी पाहिला. परवा ठाण्यातून हवालदारांचा फोन आला, "साहेबांनी बोलावलंय, मोबाइल घेऊन या, लॉक काढून ठेवा." लेखी काही नाही. मुलगा म्हणतो, ग्रुप डिलीट करा आणि फोन रिसेट मारा. मेहुणा म्हणतो, बोलताना खरखर येते म्हणजे फोन टॅप होतोय, त्यासाठी तो कुठलासा नंबर डायल करायला सांगतो. दुकानाचं यूपीआय, बँक, पत्नीचे दवाखान्याचे रिपोर्ट सगळं याच फोनवर आहे. जावं का? फोन द्यावा का? पासवर्ड सांगावा का?
— एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : आधी मुलाला थांबवा. आज तुम्ही फार तर साक्षीदार आहात. ग्रुप उडवलात किंवा फोन रिसेट केलात, तर उद्या आरोपी होण्याची सोय तुम्हीच करून द्याल. पुरावा म्हणून हजर करावा लागू शकेल असा इलेक्ट्रॉनिक अभिलेख, तो हजर होऊ नये या हेतूनं नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मूळ व्हिडिओच्या प्रकरणात तुम्ही निर्दोष ठरलात तरी हा गुन्हा उभा राहू शकतो.

यात एक बारीक खोच आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ग्रुपवर 'आपोआप गायब होणारे संदेश' हे सेटिंग चालू असेल तर तुम्ही बोट न लावताही मजकूर जातो, आणि बोलावणं आल्यानंतर तो गेला तर हेतूवर शंका घेतली जाते. ग्रुपच्या माहितीत जाऊन ते आत्ता बंद करा. 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील' असं करा. त्या व्हिडिओचा स्क्रीनशॉट घ्या. टाकणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ त्यात दिसली पाहिजे. ग्रुपमधून बाहेर पडू नका, कुणाला काढू नका. नक्कल करून ठेवणं चालतं, पुसणं चालत नाही.

ॲडमिन म्हणून तुमची जबाबदारी किती? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं १ मार्च २०२१ रोजी सांगितलं आहे की सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही. दोघांचा आधीपासून समान हेतू किंवा संगनमत होतं हे दाखवावं लागतं. निकाल तुमच्या बाजूचा आहे. मात्र ॲडमिन सदस्याला घेऊ किंवा काढू शकतो, मजकुरावर त्याचा ताबा नसतो, अशी तेव्हाची स्थिती होती. २०२२ पासून व्हॉट्सॲपनं ॲडमिनला दुसऱ्याचा संदेश सगळ्यांसाठी पुसण्याची सोय दिली आहे. म्हणून "तीन तास काय करत होतात?" हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणार. उत्तर साधं आणि खरं ठेवा : दुकानात होतो, पाहिलं तेव्हा अमुक केलं.

आता निरोपाकडे. तोंडी फोनवर जाणं बंधनकारक नाही, पण 'जात नाही, काय करायचं ते करा' असंही म्हणू नका. मधला रस्ता कागदाचा आहे. ठाणेदारांच्या नावे चार ओळींचा अर्ज लिहा : "दि. … रोजी दूरध्वनीवरून मोबाइलसह हजर राहण्याचा निरोप मिळाला. मी सहकार्यास तयार आहे. कोणत्या गुन्हा रजिस्टर क्रमांकात, कोणत्या कलमाखाली आणि साक्षीदार की संशयित म्हणून बोलावले आहे, ते लेखी कळावे." अर्ज ठाण्यात आवकला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही अशी पोहोच घ्या. आवक घेत नसतील तर रजिस्टर पोस्टानं त्याच दिवशी ठाण्याला आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांना. एवढ्या अर्जानं निम्मी प्रकरणं तिथंच निवळतात, कारण बऱ्याचदा मागे गुन्हाच नोंदलेला नसतो.

गुन्हा नोंदला आहे का हे तुम्हीही पाहू शकता. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रकाशित एफआयआर शोधता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर यायला हवा. एफआयआर नसेल आणि फक्त एन.सी., म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंद, असेल, तर चित्रच वेगळं. बदनामी, म्हणजे न्याय संहितेचं कलम ३५६, अदखलपात्र आहे. अदखलपात्र प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही (तपासाची कार्यपद्धती सांगणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७४), मग फोन जप्त करणं दूरच. उलट न्याय संहितेचं कलम १९६ किंवा ३५३(२) लावलं असेल, म्हणजे समाजात तेढ किंवा तेढ वाढवणारी अफवा, तर तो दखलपात्र गुन्हा होतो. इथंही एक आधार आहे. राज्यसभेत महाराष्ट्रातून गेलेले खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी म्हटलं की बोलण्या-लिहिण्याच्या, तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत एफआयआरआधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खालची प्राथमिक चौकशी करणं योग्य. ही चौकशी उपअधीक्षकांच्या परवानगीनं होते आणि चौदा दिवसांत संपवायची असते.

लेखी नोटीस आली तर तिच्यावर लिहिलेलं कलम आधी वाचा, बाकी मजकूर नंतर. (इथून पुढं कायद्याचं नाव न घेता दिलेली कलमं नागरिक सुरक्षा संहितेची आहेत.) कलम १७९ असेल तर तुम्ही साक्षीदार. कलम ३५(३) असेल तर तुमच्यावर संशय आहे, पण लगेच अटक करायची नाही, असा त्याचा अर्थ. त्या नोटिशीला हजर राहिलात तर साधारणपणे अटक होत नाही, टाळलीत तर होऊ शकते. या दोन्ही नोटिसा व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, कायद्यात सांगितलेल्या पद्धतीनंच बजावल्या पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. कलम ९४ असेल तर तो वस्तू, कागद किंवा उपकरण हजर करण्याचा आदेश. हा मात्र इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही निघू शकतो, तेव्हा 'मोबाइलवर आलेला कागद खोटाच' असं धरून बसू नका. साठीपुढचे पुरुष, स्त्रिया, पंधरा वर्षांखालची मुलं, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊनच विचारावं लागतं. तुम्ही ५४ चे आहात, तुम्हाला जावं लागेल. गेलात तर जबाबावर सही करायची नसते, कलम १८१ तसं सांगतं. पंचनाम्यावर मात्र सही होते. लोक नेमकं उलटं करतात.

तुमचा खरा प्रश्न फोन देण्याचा आहे. आमचं मत स्पष्ट आहे : सामान्य माणसाच्या खासगी आयुष्यात सरकार शिरतं ते बहुतेक वेळा गुप्त यंत्रणेनं नव्हे, त्यानं स्वतः लॉक काढून टेबलावर ठेवलेल्या फोनमधून. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात शिरायचं तर कायद्याचा आधार, वैध उद्देश आणि गरजेपुरतंच प्रमाण लागतं, असंही सांगितलं. पण तुम्ही संमती दिलीत की या कसोट्या लावायला जागाच उरत नाही. पंचनाम्यात एक ठरीव वाक्य असतं : "सदर इसमाने त्याचा मोबाइल स्वखुशीने हजर केला." ते वाक्य आलं की पुढं न्यायालयात 'आदेश कुठं होता?' हे विचारायची सोय संपली. म्हणून तिथं "कलम ९४ खालील दि. … च्या लेखी आदेशानुसार हजर केला" असं लिहून घ्या. लिहीत नसतील तर तुमच्या सहीच्या वर स्वतःच्या हातानं "लेखी आदेश मागितला, दिला नाही. पासवर्ड दिलेला नाही" असं लिहा आणि मग सही करा. आवाज चढवायचं काही कारण नाही.

कलम ९४ बद्दल एक जुना पण आजही उपयोगी निकाल आहे. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरात सरकार विरुद्ध श्यामलाल चोक्सी प्रकरणात ठरवलं की वस्तू हजर करण्याचा असा आदेश आरोपीला लागू होत नाही, कारण राज्यघटनेचं कलम २०(३) कुणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला लावत नाही. म्हणून साक्षीदार की आरोपी हा प्रश्न आधी लिहून विचारायचा. यातून सुटका मात्र अर्धवटच आहे. आरोपीकडून मागता आलं नाही तरी झडती घेऊन उचलता येतं. वॉरंटशिवाय झडती घेताना कलम १८५ नुसार अधिकाऱ्यानं कारणं आधी लिहायची असतात आणि त्यांची प्रत ४८ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची असते. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, यादी आणि पंचांच्या सह्यांसकट. 'ई-साक्ष्य' नावाचं ॲप त्यासाठीच आहे. चित्रीकरण चालू नसेल तर शांतपणे विचारा, "साहेब, कलम १०५ चं शूटिंग सुरू आहे ना?" एवढंच.

फोन न देताही तपासाचं काम भागवता येतं, आणि आमच्या मते तुम्ही पहिला प्रस्ताव हाच ठेवावा. त्यांना हवाय तो एक व्हिडिओ आणि त्या दिवसाचा ग्रुप. ग्रुप उघडून 'चॅट एक्स्पोर्ट'मधून माध्यमांसह फाइल काढा, ती कोऱ्या पेनड्राइव्हवर घ्या, संगणकावर तिचा शा-२५६ हॅश काढा. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाच्या आज्ञेनं तो काढता येतो. गावातला संगणक दुरुस्तीवाला पाच मिनिटांत करून देईल. हॅश म्हणजे त्या फाइलचा चौसष्ट अक्षरांचा ठसा. आत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडा. त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच आहे : भाग 'अ' तुम्ही भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञानं. हे सगळं अर्जासह आवकला द्या. यानंतरही पूर्ण फोन हवा असं म्हटलं, तर तो का हवा हे त्यांना लिहावं लागेल.

पासवर्डबाबत कायदा अजून स्थिर नाही, उगाच छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे असं मानलं, पण पोलिसांनी परस्पर सक्ती करायची नाही, न्यायालयाकडून आदेश आणायचा, असंही सांगितलं. दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये खटला चालू असलेल्या आरोपीवर पासवर्डसाठी जबरदस्ती करता येणार नाही असं म्हटलं. महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर यातलं काहीच थेट बंधनकारक नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द यायचा आहे. पत्रकारांच्या जप्त फोनच्या प्रकरणात केंद्रानं डिसेंबर २०२३ मध्ये, स्वतंत्र मार्गदर्शक सूचना येईपर्यंत सीबीआयची नियमावली पाळू, असं तिथं सांगितलं, गाडी तिथंच आहे. तुमच्यापुरतं उत्तर असं : "न्यायालयाचा आदेश आणा, मी पाळीन." नकार आणि असभ्यपणा यांत फरक ठेवा.

बोटाचा ठसा आणि चेहरा यांचं संरक्षण पासवर्डपेक्षा कच्चं आहे. १९६१ च्या काथी कालू ओघड निकालापासून बोटाचे ठसे ही शारीरिक खूण मानली जाते, साक्ष नव्हे. आणि व्यवहारात तर काय, बोट धरून लावायला दोन सेकंद लागतात. जाण्याआधी ठसा आणि चेहरा दोन्ही बंद करून सहा आकडी किंवा त्याहून लांब पिन ठेवा. चार आकडी नको, जन्मसाल तर मुळीच नको. फोन बंद करूनच सोबत न्या. बंद करून सुरू केलेला फोन पहिल्यांदा पिनच मागतो, आणि तोवर आतला बहुतांश मजकूर कुलूपबंद राहतो.

फोन जप्त झालाच, तर पंचनाम्यात काय हवं ते घरून लिहून न्या. कंपनी, मॉडेल, रंग, काचेला तडा असेल तर तोही. दोन्ही आयएमईआय, म्हणजे हँडसेटचे ओळख क्रमांक, जे *#०६# डायल केल्यावर दिसतात आणि खोक्यावरही छापलेले असतात. सिमच्या पाठीमागचा लांब क्रमांक, मेमरी कार्ड असेल तर त्याची क्षमता. फोन बंद होता की चालू, लॉक होता की उघडा. पाकिटावर पंचांच्या सह्या आणि लाखेचं सील. जप्तीची वेळ. हॅश पंचनाम्यातच लिहा असा आग्रह काही वकील धरतात. पेनड्राइव्ह, हार्डडिस्कला ते ठीक. लॉक असलेल्या मोबाइलचा हॅश जागेवर निघतच नाही, आतला डेटा काढताना न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत निघतो. तुम्ही दोन गोष्टी मागा : फोन सील होईपर्यंत कुणी चालू करणार नाही, आणि प्रयोगशाळेत निघालेला हॅश अहवालात येईल. सील करण्याआधी ठाण्यातच फोन चाळला गेला की उघडल्याच्या वेळा, वाचलेले संदेश, सगळं बदलतं, आणि पुढं आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. यानं तपासाचंही नुकसान होतं, हे अधिकाऱ्याला पटतं, सांगून पाहा.

मेहुण्यांच्या खरखरीचं आता. सरकारी टॅपिंग तुमच्या हँडसेटमध्ये होत नाही, दूरसंचार कंपनीच्या यंत्रणेत होतं. खरखर, बॅटरी तापणं, आवाज घुमणं यातलं काहीही त्याचं लक्षण नाही. ते टॉवरचं, नाहीतर चार्जिंगच्या पिनेचं दुखणं असतं. *#२१# डायल केल्यावर फक्त कॉल फॉरवर्ड केलेत का ते दिसतं. टॅपिंगशी त्याचा संबंध नाही. तरी एकदा बघाच, कारण फसवणूक करणारे ओटीपीचे कॉल वळवून घेतात. ##००२# नं सगळं वळवणं बंद होतं.

टॅपिंगचा कायदा पूर्वी १८८५ च्या तार कायद्यात होता, आता दूरसंचार अधिनियम २०२३ च्या कलम २०(२) मध्ये आहे, आणि त्याची कार्यपद्धती ६ डिसेंबर २०२४ च्या नियमांत. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांचा लागतो. ठाणेदार, उपअधीक्षक, अधीक्षक कुणालाच तो अधिकार नाही. आणीबाणीच्या प्रसंगी राज्यात यंत्रणेचे प्रमुख किंवा दुसऱ्या क्रमांकाचे, किमान पोलीस महानिरीक्षक दर्जाचे अधिकारी सुरुवात करू शकतात, पण तीन कामाच्या दिवसांत कळवायचं आणि सात कामाच्या दिवसांत मंजुरी मिळवायची, नाहीतर थांबवायचं. एक आदेश साठ दिवस चालतो, वाढवत नेला तरी एकूण १८० दिवस. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती दर दोन महिन्यांनी आदेश तपासते. समितीत सगळे सरकारी सचिवच, न्यायाधीश एकही नाही, हा या व्यवस्थेचा मोठा दोष. तपासणी कागदाची होते, त्या नंबरमागचा माणूस कोण याची नव्हे. २०२२ मध्ये पुण्यात आणि मुंबईत नोंदलेल्या गुन्ह्यांत आरोप हाच होता : राजकीय नेत्यांचे नंबर भलत्याच नावांनी मंजुरीला ठेवले. उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये ते गुन्हे रद्द केले.

सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही पहिली अट आहे. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१९ मध्ये एका लाचेच्या प्रकरणात, यातलं काही नव्हतं म्हणून तीन टॅपिंग आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. दिल्ली उच्च न्यायालयानं मात्र २०२५ मध्ये मोठ्या भ्रष्टाचारालाही सार्वजनिक सुरक्षिततेत बसवलं, तेव्हा ही वाट सरळ नाही. मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी राज्य कायदा, लागला तर १९९९ पासून टॅपिंगची वेगळी तरतूद आहे, तिथं आदेशाची प्रत खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला दिल्याशिवाय ते संभाषण पुराव्यात येत नाही. कालव्याच्या पाण्यावरच्या ग्रुपसाठी गृह सचिवांची सही आणायला कुणी धावेल, असं आम्हाला वाटत नाही. माहिती अधिकारात विचारून उपयोग नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं डिसेंबर २०२३ मध्ये अशी माहिती ट्राय या दूरसंचार नियामकाकडून मागता येणार नाही असा निकाल दिला आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचाही इथं आधार नाही, गुन्ह्याच्या तपासाला त्यात सूट आहे.

काळजी करायचीच असेल तर सीडीआरची, म्हणजे कॉलच्या नोंदींची करा. तुम्ही कुणाला, कधी, किती सेकंद बोललात, कोणत्या टॉवरखाली होतात, कोणत्या आयएमईआयवरून, एवढं सगळं त्यात येतं, शब्द सोडून. कंपन्यांना हा तपशील किमान दोन वर्षं ठेवावा लागतो. त्यासाठी गृह सचिव लागत नाहीत, पोलीस अधीक्षक पातळीवरच्या पत्रानं तो मिळतो. कुणीकुणी कुणाला उठवलं, मोर्चाच्या आदल्या रात्री कोण कुठं होतं, हे टॅपिंगपेक्षा यातून सोपं कळतं. आणि हाच तपशील बाजारातही विकला गेला आहे. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारे खासगी गुप्तहेर पकडले होते. बेकायदा संदेश टिपणाऱ्याला दूरसंचार अधिनियमाच्या कलम ४२ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा दोन कोटींपर्यंत दंड आहे.

सरकार सोडून इतर कुणी फोनमध्ये डोकावतंय का, ते मात्र तुम्हाला दहा मिनिटांत पाहता येईल. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा, अनोळखी संगणक दिसला तर बाहेर काढा. व्हॉट्सॲपचा क्लाउड बॅकअप मुळात एंड-टू-एंड कुलूपबंद नसतो. सेटिंगमध्ये तो पर्याय वेगळा चालू करावा लागतो, तो करा. संचार साथी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते पाहा. 'ई-चलन' म्हणून आलेली एपीके फाइल (ॲप बसवणारी फाइल) कधी टाकली असेल तर ती आधी काढा, हल्ली दुकानदारांचे फोन तिथूनच उघडे पडतात. फक्त हे सारं करताना त्या ग्रुपमधलं काही पुसलं जाणार नाही, याची खात्री ठेवा.

दुकानाची व्यवस्था ठाण्यात जाण्याआधी करा. साधा दुसरा फोन घ्या, फोनमधले संपर्क आणि रिपोर्ट त्यात उतरवून ठेवा, यूपीआयसाठी पत्नीचं किंवा दुकानाचं दुसरं सिम बँकेत नोंदवा. सिमही जप्त झालं तर कंपनीच्या दालनात त्याच नंबरचं नवं सिम मिळतं, आणि जुनं बंद पडतं. म्हणून आधी तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवा. नव्या सिमवर चोवीस तास एसएमएस येत नाहीत, तेव्हा त्या दिवशी ओटीपी लागणारे व्यवहार ठेवू नका.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० ला फोन करा. समितीकडून मोफत मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची मर्यादा आहे, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या व्यक्तींना ती लागत नाही. ठाण्यात दमदाटी झाली तर आधी अधीक्षक, मग राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, शेवटी उच्च न्यायालय. एक कटू गोष्ट इथंच सांगतो : झडती बेकायदा होती एवढ्यावरून मिळालेला पुरावा बाद होत नाही, १९७३ च्या पूरणमल निकालापासून आपल्याकडे हेच चालत आलं आहे. नंतर वाद घालण्यापेक्षा त्या क्षणी कागदावर दोन ओळी लिहून घेणं अधिक उपयोगाचं, ते यासाठी.

फोन परत मिळवायला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करायचा, कलम ४९७ किंवा ५०३ खाली. खरेदीची पावती, खोक्यावरचा आयएमईआय, पंचनाम्याची प्रत जोडा. मुद्देमाल न्यायालयापुढे आल्यावर चौदा दिवसांत त्याचं वर्णन आणि छायाचित्रं, पुढच्या तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश, असं वेळापत्रक नव्या संहितेत आहे. प्रयोगशाळेचा अहवाल रखडला की पोलीस विरोध करतात. तेव्हा डेटाची प्रत काढून उपकरण परत द्यावं, अशी विनंती अर्जातच टाका. वस्तू ठाण्यात महिनोन् महिने कुजत ठेवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयानं सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलं आहे, त्याचा उल्लेख करा. फोन सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या हमीवर मिळाला, तर खटला संपेपर्यंत तो विकू नका, रिसेट करू नका, मुलाला वापरायला देऊ नका. न्यायालयानं मागितला की त्याच आयएमईआयचा, त्याच अवस्थेत हजर करावा लागतो, म्हणून पाकिटात घालून कपाटात ठेवा आणि रोजच्या कामाला तो दुसरा साधा फोन वापरा.